अर्धा कॅमेरा पाकिटात

सर्वसाधारण फिल्म-कॅमेरा आणि त्यात घातली जाणारी फिल्म या एकमेकींशी सैल नात्याने बांधलेल्या दोन वस्तू असतात. १९३४ साली कोडॅकने बाजारात आणलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या डबीचा आकार आजही तोच असल्यामुळे त्या काळातल्या लायका कॅमेऱ्यात या वर्षी तयार झालेली फिल्म निमूटपणे बसते, आणि ती कोणत्या कंपनीची, रंगीत की कृष्णधवल, मंद की वेगवान, हे ठरवण्याची पूर्ण मोकळीक छायाचित्रकाराला असते. कॅमेऱ्याचे काम फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणे एवढेच, पुढचे सगळे काम प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत. इन्स्टंट कॅमेऱ्यात मात्र ती अंधारी खोलीच फिल्मच्या पाकिटात भरून दिलेली असते. काही प्रकारांत तर कॅमेऱ्याला चालवणारी बॅटरीही त्याच पाकिटात असते. म्हणजे जुना, घडी घालता येणारा इन्स्टंट कॅमेरा कपाटात सापडला किंवा जुन्या बाजारात विकत घेतला, तर हाती आलेली वस्तू हा खरे पाहता अर्धाच कॅमेरा असतो. उरलेला अर्धा कोणी आजही बनवतो का, आणि बनवत असल्यास तो मूळच्या अर्ध्याशी कितपत जुळतो, याचा शोध म्हणजेच अशा कॅमेऱ्यासाठी फिल्म निवडणे.

घडीचे इन्स्टंट कॅमेरे म्हटले की पोलरॉइड या अमेरिकी कंपनीची तीन घराणी डोळ्यांसमोर येतात, आणि कॅमेरा त्यांतल्या कोणत्या घराण्यातला आहे हे ओळखल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकता येत नाही. पहिले घराणे रोलफिल्मचे. कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सभेत तत्काळ छायाचित्रणाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि नोव्हेंबर १९४८मध्ये बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात ‘मॉडेल ९५’ हा भात्याचा, जडशीळ कॅमेरा विक्रीला आला. त्यात निगेटिव्हचा एक आणि छपाईच्या कागदाचा दुसरा असे दोन रोल बसत; चित्र टिपल्यावर दोन्ही पट्ट्या रुळांमधून एकत्र ओढल्या जात, मिनिटभर थांबून मागचे दार उघडले की कागदावरचे चित्र सोलून काढता येई. या रोलचे उत्पादन १९९२ साली संपले, त्यामुळे या घराण्यातले कॅमेरे आज बहुतांशी शोभेचे आहेत. त्यातल्या त्यात ‘११०ए’ आणि ‘११०बी’ या वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांवरील रोडेनस्टॉक कंपनीचे इसारेक्स भिंग इतके चांगले, की जाणकार कारागीर त्यांची मागची बाजू कापून त्यांना दुसऱ्या प्रकारच्या फिल्मसाठी नवा साचा बसवत आले आहेत.

दुसरे घराणे १९६३पासूनचे, पॅकफिल्मचे. यात सपाट पाकिटात फिल्मचे सुटे तुकडे रचलेले असतात, प्रत्येक तुकड्याला कागदी जीभ असते, आणि ती हाताने बाहेर ओढताना पोलादी रुळांच्या दाबाने रसायनाची पुडी फुटून दोन थरांमध्ये पसरते. ठरलेला वेळ मोजून मग थर सोलायचे. वेळ मोजण्याचे काम वापरणाऱ्याचे असल्याने तापमानाचा हिशोबही त्यालाच ठेवावा लागे. थंडीत रसायन मंदावते म्हणून या कॅमेऱ्यांसोबत अॅल्युमिनियमच्या पत्र्याची एक दुहेरी चपटी घडी मिळत असे, ती आधी खिशात ठेवून अंगाच्या उबेने गरम करायची आणि ओढलेली फिल्म तिच्यात दाबून धरायची. पोलरॉइडने हात आखडता घेतल्यावरही या कॅमेऱ्यांना काही वर्षे जपानच्या फुजिफिल्मने जगवले, पण त्या कंपनीने आपली ३००० आयएसओ वेगाची कृष्णधवल एफपी-३०००बी फिल्म २०१३ साली आणि रंगीत एफपी-१००सी ही फिल्म २०१६ साली बंद करण्याचे जाहीर केले. आज या घराण्यासाठी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनणारी फिल्म नाही. साठवलेली, मुदत उलटलेली पाकिटे चढ्या भावाने विकली जातात आणि व्हिएन्नातून हाताने बांधलेली एकेका चित्राची पाकिटे निघाली, ती हौसेच्या मोलाची. एखाद्याने नव्याने कॅमेरा घ्यायचा विचार केला असेल, तर पॅकफिल्मचा देखणा भात्याचा कॅमेरा स्वस्त का मिळतो याचे उत्तर इथे आहे.

तिसरे घराणे एसएक्स-७०चे, आणि फिल्म ‘निवडण्या’चा खरा प्रश्न इथेच उद्भवतो, कारण निवडायला काही तरी शिल्लक आहे ते इथेच. एप्रिल १९७२मध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत लँड यांनी कोटाच्या खिशातून एक चपटी वस्तू काढली, ती उलगडून कॅमेरा उभा केला आणि दहा सेकंदांत पाच चित्रे काढून दाखवली. वर्षाअखेरीस तो मायामीत आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सर्वत्र १८० डॉलर किमतीला विकला जाऊ लागला. घासलेल्या क्रोमची झळाळी, त्यावर चामड्याचे अस्तर, मिटल्यावर जाड सिगार-पेटीएवढा आकार, चार भिंगांचे ११६ मिलिमीटर नाभ्यंतर, अवघ्या सव्वीस सेंटीमीटरवरच्या वस्तूवर नजर स्थिरावण्याची क्षमता, आणि हे सगळे ज्यातून चित्र टिपले जाते त्याच भिंगातून पाहण्याच्या सोयीसह: यंत्र म्हणून एसएक्स-७०ची थोरवी वादातीत आहे. मात्र या यंत्राची रचना आधी झाली आणि मग त्याला फिल्म शोधली गेली असा समज असेल तर तो उलटा आहे. सोलावी न लागणारी, कचरा न टाकणारी, हातात धरल्या धरल्या उजेडात उमलणारी फिल्म हे मूळ उद्दिष्ट होते, आणि कॅमेऱ्याचा प्रत्येक विचित्र कोन त्या फिल्मच्या सोयीसाठी घडला.

ही फिल्म ‘एकसंध’ म्हणवली जाते, कारण निगेटिव्ह आणि छापील चित्र तिच्यात कायमचे एकत्र राहतात. तिच्या तळाशी प्रकाशाला संवेदनशील असे चांदीच्या क्षारांचे तीन थर असतात, एक लाल, एक हिरव्या आणि एक निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा. प्रत्येक थराला लागून त्याच्या विरोधी रंगाचे द्रव्य असते, लालाजवळ निळसर सायन, हिरव्याजवळ किरमिजी मॅजेंटा आणि निळ्याजवळ पिवळे. हे द्रव्य एकाच रेणूत रंगही असते आणि चांदीचा क्षार विकसित करणारे रसायनही. ही कल्पना पोलरॉइडच्या हॉवर्ड रॉजर्स यांची. सर्वात वर पारदर्शक पत्रा आणि त्याच्या आतल्या अंगाला रंग झेलणारा थर. चित्राच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत, जिच्यावर लोक तारीख लिहितात, त्या पट्टीत अल्कधर्मी लगद्याची पुडी लपवलेली असते. मोटर फिल्मला दोन रुळांमधून बाहेर ढकलते, पुडी फुटते आणि लगदा एकसारखा पसरतो. जिथे निळा प्रकाश पडलेला असतो तिथे पिवळे द्रव्य चांदीशी क्रिया करण्यात गुंतते आणि तिथेच अडकून पडते. बाकीची दोन द्रव्ये मात्र मोकळी वर सरकतात आणि त्यांच्या मिश्रणातून निळा रंग उमटतो. म्हणजे चित्रात दिसतो तो अडकलेला नव्हे, सुटलेला रंग.

लगद्यात आणखी दोन गोष्टी असतात: टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरेशुभ्र चूर्ण, जे चित्राची पार्श्वभूमी बनते, आणि प्रकाश अडवणारे एक विशेष रंगद्रव्य, जे अल्कधर्मी वातावरणात गडद असते आणि आम्लता वाढत गेली की पारदर्शक होते. कॅमेऱ्यातून बाहेर पडताना चित्र अजून उजेडाला कच्चे असते. हे रंगद्रव्य त्याच्यावर काळोखी छत्री धरते, आणि आतल्या आम्ल थराने लगद्यातील अल्क हळूहळू शमवला की तीच छत्री विरून जाते आणि चित्र दिसू लागते. अंधारी खोली पाकिटात असते असे वर म्हटले ते अक्षरशः याच द्रव्याच्या अर्थाने. पुढे २००८नंतर ही फिल्म पुन्हा बनवू पाहणाऱ्यांना सर्वात अधिक छळले तेही यानेच.

कॅमेऱ्याच्या रचनेवर या फिल्मचा ठसा कसा आहे याचे सोपे उदाहरण म्हणजे आरसा. या फिल्मवर प्रकाश वरच्या पारदर्शक पत्र्यातून पडतो आणि चित्रही त्याच बाजूने पाहिले जाते. भिंगाने पाडलेली प्रतिमा भिंगाच्या बाजूने पाहिली तर डावे-उजवे उलटते, म्हणून वाटेत एक आरसा घालून ती सुलटी करावी लागते. तो आरसा बसवण्यासाठीच कॅमेरा असा तिरप्या तंबूसारखा उभा राहतो आणि म्हणूनच चपटा मिटू शकतो. फुजिफिल्मची इन्स्टॅक्स फिल्म, जी भारतात आज सहज मिळते, तिच्यावर प्रकाश मागच्या बाजूने पडतो आणि चित्र पुढून पाहिले जाते, तिला आरसा नको असतो. ‘इन्स्टंट ती इन्स्टंट, आकार कापून घालू’ असा उत्साही विचार करणाऱ्याच्या हाती त्यामुळे, बाकी सर्व अडचणी ओलांडल्या तरी, उलट्या अक्षरांच्या पाट्या लागतील. इन्स्टॅक्स फिल्म वाईट नाही, उलट रंगांच्या सातत्यात ती आज सरस आहे. तिचा कॅमेरा निराळा, एवढेच.

आता वेगाकडे वळता येईल, कारण दुकानात नेमका गोंधळ याच मुद्द्यावर होतो. फिल्मचा वेग म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची तिची तत्परता, ती आयएसओ या आकड्याने सांगतात. आकडा दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो आणि या दुपटीला छायाचित्रकार एक ‘स्टॉप’ म्हणतात. मूळ एसएक्स-७० फिल्मचा वेग सुमारे १५० होता, आजच्या त्याच नावाच्या फिल्मचा सुमारे १६० आहे, आणि हा फरक नगण्य. १९८१ साली पोलरॉइडने ‘६००’ ही फिल्म आणली, तिचा वेग ६४०, म्हणजे चौपट किंवा दोन स्टॉप अधिक. दोन्हींचे पाकीट आकाराने जवळजवळ सारखे, चित्र दोन्हींत ७.९ सेंटीमीटर चौरस, रसायनाचे तत्त्व एकच. चुकून एकीच्या जागी दुसरी पडू नये म्हणून ६००च्या पाकिटाच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले होते, ते एसएक्स-७०च्या खाचेत अडत. पण पातळ पुठ्ठ्याचा तुकडा खाली सरकवून ते ओलांडण्याची युक्ती वापरणाऱ्यांनी फार पूर्वीच शोधून काढली.

म्हणून पहिला प्रश्न असा, की हातातला घडीचा कॅमेरा एसएक्स-७० आहे की त्याचाच धाकटा भाऊ. १९८२ साली आलेला ‘एसएलआर ६८०’ आणि १९९६चा ‘एसएलआर ६९०’ हेही तसेच मिटतात, पण त्यांच्या डोक्यावर जोडलेला फ्लॅश असतो आणि ते ६०० फिल्मसाठीच बनलेले आहेत. १९७८पासून आलेल्या एसएक्स-७०च्या ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या प्रकारावर ६८०सारखीच सोनेरी गोल जाळी असल्याने फसगत होते. जाळीवरून निर्णय न करता कॅमेऱ्यावर लिहिलेले नाव वाचावे आणि फ्लॅश अंगचाच आहे की नाही ते पाहावे. ६८०मध्ये एसएक्स-७०ची फिल्म घातल्यास तिला लागणाऱ्या प्रकाशाचा चौथा हिस्साच मिळतो आणि चित्र काळवंडते, एसएक्स-७०मध्ये ६०० फिल्म घातल्यास चौपट मिळून ते धुपलेले, फिके निघते.

उलट्या बाजूने विचार करता एसएक्स-७०मध्ये ६०० फिल्म घालण्याचा मोह मात्र निराधार नाही. या कॅमेऱ्याच्या भिंगाचे सर्वात मोठे छिद्र एफ/८, म्हणजे बरेच लहान, आणि फिल्म मंद. त्यामुळे संध्याकाळी घरातल्या दिव्यांच्या उजेडात शटर अर्धा-एक सेकंद उघडे राहते (अंधार वाढत गेला तर ते चौदा सेकंदांपर्यंतही उघडे राहू शकते) आणि एवढा वेळ हात स्थिर ठेवणे माणसाला जमत नाही. ६०० फिल्मला त्याच्या चौथाई वेळ पुरतो. शिवाय ६०० फिल्म अधिक खपते, तिच्यात चौकटींचे अधिक प्रकार निघतात आणि दुकानात तीच आधी दिसते. ती एसएक्स-७०मध्ये वापरायची तर दोन स्टॉप प्रकाश कुठे तरी गिळावा लागतो, आणि त्यासाठी करड्या काचेचा किंवा पापुद्र्याचा, रंग न बदलता प्रकाश कमी करणारा फिल्टर वापरतात. या फिल्टरची जागा महत्त्वाची. एसएक्स-७०मध्ये प्रकाश मोजणारा ‘डोळा’ भिंगापासून वेगळा, बाजूला असतो. फिल्टर फक्त भिंगावर किंवा थेट पाकिटावर ठेवला तर डोळ्याला त्याची खबर लागत नाही, तो १६० वेगाच्या हिशोबाने शटर बंद करतो आणि फिल्मपर्यंत मात्र चौथाईच प्रकाश पोचतो, हिशोब जुळतो. फिल्टर डोळ्यावरही आला तर डोळा ‘अंधार आहे’ असे समजून शटर चौपट वेळ उघडे ठेवतो आणि सारा खटाटोप फुकट जातो. भिंगावरच्या फिल्टरने दृश्य पाहतानाही काळोखी येते, पाकिटावरच्याने येत नाही. चित्र गडद-फिके करणारे चाक पूर्ण काळ्या बाजूला फिरवणे हा बिनखर्चाचा उपाय लोक सांगतात, पण त्याची धाव पूर्ण दोन स्टॉपपर्यंत पोचत नाही, त्यामुळे भर उन्हात उजळ भाग जळतातच.

अर्थात फिल्टर लावून वेगवान फिल्मला मंद करणे म्हणजे घोड्याला बैलगाडीस जुंपणे. ६०० फिल्मचा मुख्य फायदा, म्हणजे कमी उजेडातली चपळाई, त्यात हरवते आणि उरते ती केवळ उपलब्धता. ज्यांना चपळाईच हवी ते कॅमेऱ्याच्या आतला विद्युत्-धारित्र बदलून घेतात: डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात हा धारित्र भरत जातो आणि ठरावीक पातळी गाठली की शटर मिटते, म्हणून लहान क्षमतेचा धारित्र बसवला की तो लवकर भरतो आणि कॅमेरा कायमचा ६४० वेगाचा होतो. ज्याला आपला एसएक्स-७० दिवसाउजेडी, अंगणात किंवा खिडकीशी वापरायचा आहे त्याने या कुठल्याच भानगडीत न पडता एसएक्स-७० नावाचीच फिल्म घ्यावी हे बरे, कारण डोळा, भिंग आणि वेग यांचे त्रैराशिक तिच्यासाठी आधीच सोडवलेले आहे.

या दोघींच्या शेजारी दुकानात ‘आय-टाइप’ असे लिहिलेले तिसरे पाकीट स्वस्तात दिसते, आणि नवख्याचा हात तिकडेच जातो. एसएक्स-७०च्या अंगात बॅटरी नाही; शटर, मोटर, फ्लॅश या सर्वांना लागणारी सहा व्होल्टची चपटी बॅटरी फिल्मच्या पाकिटाच्या तळाशी असते आणि पाकीट आत सरकताच कॅमेरा जिवंत होतो. १९७०च्या दशकात ही मोठी हुशारी होती, फिल्म ताजी तर बॅटरीही ताजी. आय-टाइप फिल्म २०१६पासूनच्या, स्वतःची पुन्हा भरता येणारी बॅटरी असलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी असल्याने तिच्या पाकिटात बॅटरीच नसते; जुन्या घडीच्या कॅमेऱ्यात ती घातली तर रुळ हलत नाही, काहीच होत नाही. रसायन ६००चेच, वेगही तोच, तरी उपयोग शून्य. स्वस्त आहे ते बॅटरी वजा केल्यामुळे.

ही सारी पाकिटे आज एकाच कारखान्यातून येतात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फेब्रुवारी २००८मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर नेदरलँड्समधील एन्सखेडे येथील पोलरॉइडच्या बंद होणाऱ्या कारखान्यातील यंत्रसामग्री फ्लोरियान काप्स आणि त्याच कारखान्यातले अधिकारी आंद्रे बॉसमन यांच्या गटाने विकत घेतली आणि ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या नावाने काम सुरू केले. यंत्रे मिळाली, पण जुन्या फिल्मला लागणारी कित्येक रसायने पुरवणारे कारखानेच उरले नव्हते, त्यामुळे फिल्मचा शोध जवळजवळ नव्याने लावावा लागला. मार्च २०१०मध्ये आलेली त्यांची पहिली, एकरंगी फिल्म उजेड लागताच धुपत असे आणि चित्रात ओल अडकली तर काही दिवसांत स्फटिक पसरून ते खाऊन टाकत. वर सांगितलेली काळोखी छत्री त्यांना नीट बनवता आली नव्हती. हळूहळू फिल्म सुधारली. २०१७ साली या प्रकल्पाच्या सर्वात मोठ्या भागधारकाने पोलरॉइड हे नावच विकत घेतले, कंपनी आधी ‘पोलरॉइड ओरिजिनल्स’ आणि २०२०पासून नुसती ‘पोलरॉइड’ झाली. तरीही छत्री जुन्याइतकी दाट अजून नाही, म्हणून चित्र बाहेर पडताना त्यावर अंथरला जाणारा काळा पडदा, ज्याला बेडकाची जीभ असे गमतीचे नाव पडले आहे, जुन्या एसएक्स-७०ला वेगळा विकत घेऊन बसवावा आणि बाहेर आलेले चित्र पालथे ठेवावे हे उत्तम. चित्र हवेत हलवण्याची चित्रपटांतली सवय निरुपयोगी आहे. ओले सोलण्याच्या काळात तिला अर्थ होता, बंद चित्राला वारा लागतच नाही.

रंगीत घ्यावी की कृष्णधवल, हा प्रश्न वरवर अभिरुचीचा वाटतो, पण त्यात हवामानाचा वाटा मोठा आहे. पाकिटातली अंधारी खोली बाहेरच्या तापमानाला उघडी असते. आजच्या फिल्मसाठी १३ ते २८ अंश सेल्सिअस ही चित्र उमलण्याची योग्य मर्यादा सांगितली जाते. त्याखाली रंगीत चित्र फिके आणि निळसर निघते, त्यावर गेले की पिवळ्या-तांबूस छटेत बुडते. ही मर्यादा युरोपातल्या उन्हाळ्यासाठी ठीक आहे. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस दुपारचा पारा २८च्या वर असतो आणि विदर्भातल्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको; तिथे रंगीत फिल्म वापरायची तर सकाळ गाठावी, काढलेले चित्र थंड खोलीत किंवा निदान सावलीत उमलू द्यावे, नाही तर तो पिवळेपणा हाच रंग समजून त्याच्याशी मैत्री करावी. कृष्णधवल फिल्मला रंगाचा तोल सांभाळायचा नसल्याने ती या बाबतीत अधिक क्षमाशील असते, शिवाय ती पाच ते दहा मिनिटांत उमलते, रंगीत फिल्मला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. उन्हाळ्यात नवख्याने पहिले पाकीट कृष्णधवल घ्यावे असे म्हणायला म्हणूनच जागा आहे, जरी या कॅमेऱ्याची कीर्ती रंगांवर उभी असली तरी.

साठवणही याच हिशोबात येते. बंद पाकीट ४ ते १८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आडवे ठेवावे. फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण पुडीतला लगदा गोठला की तो सरळ पसरत नाही. वापरण्यापूर्वी तासभर ते बाहेर काढून बंदच राहू द्यावे, नाही तर कोकणातल्या दमट हवेत थंड फिल्मवर लगेच दव धरते. खोक्यावर उत्पादनाची तारीख छापलेली असते, तिच्यापासून वर्षभरात फिल्म संपवावी. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून फिल्म मागवणाऱ्यांनी ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या सामानात ठेवायला आणि विमानतळावर हाताने तपासण्याची विनंती करायला सांगावे, कारण सामानाच्या तपासणीतले तीव्र क्ष-किरण, विशेषतः ६४० वेगाच्या फिल्मला, बाधतात.

मूळ पोलरॉइडची जुनी, मुदत कधीच उलटून गेलेली फिल्म लिलावात दिसली तर तिचा मोह का होतो हे समजण्यासारखे आहे. सुरुवातीच्या एसएक्स-७० फिल्मचा आणि १९८०च्या ‘टाइम-झिरो’ या अवघ्या मिनिटभरात आकार घेणाऱ्या फिल्मचा मऊ, मलईदार रंग आजच्या कुठल्याच फिल्ममध्ये नाही. त्यांचा आतला थर चित्र उमलल्यावरही बराच वेळ मऊ राही, त्यामुळे वरून बोथट काडीने दाबून रंग सरकवता येत. न्यूयॉर्कचे कलावंत लुकास समारास यांनी १९७३ ते १९७६ या काळातली आपली ‘फोटो-ट्रान्सफॉर्मेशन्स’ ही गाजलेली मालिका याच गुणातून घडवली, आणि वॉकर इव्हान्स यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एसएक्स-७० घेऊन दुकानांच्या पाट्यांची आणि रस्त्यावरच्या अक्षरांची शेकडो चित्रे काढली. पण ती फिल्म आज घेणे म्हणजे सुकलेली पुडी आणि मेलेली बॅटरी घेणे. चित्र निघालेच तर अर्धे कोरे, तपकिरी डागांचे निघते. संग्राहकाने ती खोक्यासाठी घ्यावी, छायाचित्रकाराने तिला हात लावू नये.

पाकीट निवडून झाल्यावरही एक गोष्ट राहते, ती म्हणजे रुळांची सफाई. आधीच्या पाकिटातला लगदा रुळांवर वाळून बसलेला असेल तर पुढच्या प्रत्येक चित्रावर ठरावीक अंतराने तोच डाग उमटतो आणि दोष फिल्मला दिला जातो. किंचित ओल्या मऊ कापडाने रुळ फिरवत पुसले की काम भागते. पाकीट सरकवून झाकण मिटले की मोटरचा तो परिचित खर्जातला घरघराट होऊन वरचा काळा पुठ्ठा बाहेर येतो आणि मागची खिडकी १० हा आकडा दाखवते. मूळ पाकिटात दहा चित्रे असत. एन्सखेडेत बनणाऱ्या नव्या थरांची जाडी अधिक असल्याने आता त्याच जागेत आठच मावतात. कॅमेऱ्याला हे कोणी सांगितलेले नाही. तो दहापासूनच उलटे मोजत राहतो, आणि खिडकीत २ हा आकडा आला की फिल्म संपलेली असते.